मोहाखालची राख

१

कॉलेजच्या मागचं लोखंडी फाटक बंद होतं आणि फाटकापलीकडचा डोंगर काळा झाला होता.

आदल्या संध्याकाळी गावात धुराचा वास आला होता. पण या दिवसांत कुणाच्या ना कुणाच्या शेताचे धुरे-बांध पेटलेले असतात, म्हणून कुणी मान वर करून पाहिलं नाही. सकाळी आम्ही रोजच्यासारखे फिरायला निघालो आणि फाटकाशी येऊन थबकलो. वारा सुटला होता. राख उडून डोळ्यांत जात होती.

या भागात पैसे न देता मिळणारी चैन म्हणजे ती पायवाट. ग्रंथालयाच्या मागून ती निघते, नाल्याच्या काठाने पळसांमधून जाते, थोरल्या मोहाच्या झाडाखाली जरा विसावते आणि मग डोंगराला वळसा घालून वरच्या वळणावर चढते. अभ्यासाला कंटाळलेली पोरं तिथं जातात आणि दुखण्याला कंटाळलेले म्हातारेही जातात. तितर ओरडतो. एखाद्या दिवशी मोर आडवा जातो आणि आपण उगाच दिवसभर खूश असतो. त्या सकाळी पाखराचा आवाज म्हणून नव्हता.

"भाऊ, कुलूप नवं हाय," संजीवनीबाई मला म्हणाल्या.

संजीवनीबाई पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या. माहेर पिंपळगाव राजाचं, नोकरी सगळी जिल्ह्यात. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं होतं, पण त्यांचं चालणं औषधाचं वाटत नसे. कुणाला तरी धरायला निघाल्यासारख्या त्या चालत. घरी बसवत नाही हा त्यांचा खरा आजार. मी त्यांच्या मागे धापा टाकत जायचो, एवढीच आमची ओळख, पण ती रोजची.

चौकीदार गोकुळ आला. दोन्ही तळहातांना फडकी बांधलेली होती.

"बंद हाय बाई. आता कायमचंच बंद."

"हाताले काय झालं बे?"

"आग इझवली. हिरवे फाटे घेऊन झोडपली. आणखी काय करू?" त्याने डोंगराकडे पाहिलं. "मोहवालीनं लावली, फुलं येचते तिनं. बनाबाईनं. कबूल झाली ते रातीच. बरं झालं तुम्ही आल्या, म्याडम तुमचीच वाट पाहून राह्यल्या. पोलिसात द्याचा कागद कसा लिवाचा ते इचारायचं हाय त्याहिले."

प्राचार्या जयमाला मॅडमच्या खोलीत पंखा गरगरत होता. भिंतीशी एक नवा मोठा फलक टेकवून ठेवला होता. सोमवारी कॉलेजची तपासणी करायला समिती यायची होती, तिच्यासाठी केलेला. त्यावर हिरव्या डोंगराचं चित्र आणि खाली अक्षरं: 'आमचे वाढदिवस वन. एकही रोप दगावलेले नाही.' फलकाजवळ खुर्चीत दीपक सर बसले होते. निसर्ग मंडळ त्यांचंच. पायवाट आखली त्यांनी, दगड लावले त्यांनी. रात्रभर झोप नसल्यासारखे त्यांचे डोळे तांबडे झाले होते.

मॅडमनी कागद पुढे केला. संजीवनीबाईंनी तो वाचला आणि खाली ठेवला.

"कबूल आजी झाली, अन् कागदावर नाव नातीचं काऊन?"

बनाबाईची नात अर्पिता याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. रविवारी शहरातली माणसं फिरायला आली की त्यांना झाडं-पाखरं दाखवायची ती. वनरक्षकाच्या भरतीची लेखी परीक्षा ती पास झाली होती. आता धावण्याची चाचणी राहिली होती.

"आजी नातीला वाचवतेय," दीपक सर हळू म्हणाले. "मी पाहिलं ना. धूर दिसला त्याच्या जरा आधी मी इथं बाहेर व्हरांड्यात उभा होतो. अर्पिता वरच्या वळणावर पळत होती. दुसरं कोणी नव्हतं डोंगरावर. मोहाखालचा पाला जाळतातच हे लोक, फुलं वेचायला जागा साफ व्हावी म्हणून. मंडळात मी दरवर्षी सांगतो, तरी ऐकत नाहीत."

"गुन्हा नोंदला तर पोरीची चारित्र्य पडताळणी अडकीन," संजीवनीबाई म्हणाल्या. "जंगल जाळलं म्हणून नाव असलेल्या पोरीले जंगलाची राखण कोन देईन?"

"मलाही वाईट वाटतं," मॅडम म्हणाल्या. "पण सोमवारी समितीला मी काय सांगू? डोंगर आपोआप पेटला म्हणू? पाच वाजता शिपाई कागद घेऊन ठाण्यात जाईल."

संजीवनीबाई उठल्या होत्याच. त्यांना फार वेळ बसता येत नसे.

"पाचपर्यंत डोंगर मले द्या," त्या म्हणाल्या.

२

आग मोहाखालूनच उठली, यात वाद नव्हता. गोकुळने पहिला धूर तिथंच पाहिला होता. मोहाचा बुंधा खालून काळा झाला होता, पण वर फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस अजून लटकत होते. वाऱ्याबरोबर एखादं फूल टप्पकन राखेत पडे.

संजीवनीबाई झाडाभोवती फिरल्या. एकदा अशा, एकदा तशा. मग थांबल्या आणि एक पाय वर करून चपलेचा तळवा पाहू लागल्या.

"भाऊ, हे काय चिकटलं?"

मी काडीने खरवडलं. काळं, चिवट, गुळाच्या पाकासारखं काहीतरी होतं. नाकाजवळ नेलं आणि ओळखलं. भाजलेला मोह. आम्ही दोघांनी पायांनी राख सारली. राखेच्या थराखाली भाजलेल्या फुलांचा दुसरा थर होता. एका ठिकाणी नाही, सगळ्या झाडाखाली.

संजीवनीबाई राखेतच उकिडव्या बसल्या.

"फुलं पडतात कवा?"

"पहाटे," मी म्हणालो. "उन्हं यायच्या आत बाया टोपली घेऊन हजर असतात."

"अन् काल? काल कोनी वेचलीच नाही. समिती येनार म्हनून वस्तीतल्या बायाले आत सोडू नका, असा हुकूम होता. गोकुळच सांगत होता परवा. म्हंजे सांजच्याले आग लावली तवा झाडाखाली फुलांचा सडा पडेल होता." त्यांनी ती चिकट राख चिमटीत धरून माझ्यासमोर धरली. "मोहवाली पाला जाळते ते फुल वेचायसाठी. पडेल फुल कोनी जाळते काय? पिकेल वावर पेटवून कोनी कापनी केली हाय का?"

"मग बनाबाई का कबूल झाली?"

"तेच तर." त्या उठल्या आणि वस्तीच्या दिशेने चालूही लागल्या. "जिनं केलं नाही ते म्हनते म्या केलं. अन् ज्यानं केलं तो चूप बसून आयकून राह्यला."

३

बनाबाईचं घर डोंगराच्या पायथ्याला, वस्तीच्या टोकाला. ओसरीत बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली अर्पिताची पुस्तकं. बनाबाई उंबऱ्यात बसली होती. आम्हाला पाहून तिने डोक्यावरचा पदर घट्ट केला.

"आल्या का बेड्या घेऊन?"

"बेड्या सरकारले वापस देल्ल्या म्या," संजीवनीबाई तिच्याशेजारी टेकल्या. "चहा पाज पहिले."

"साखर नाही खात म्हने तुम्ही."

"बिनसाखरेचा पाज. तू आग लावली म्हनते?"

"हाव."

"कशानं?"

"काडीनं. आणखी कशानं लावतात?"

"फुलं येचायच्या आधी का मंग?"

बनाबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आधी."

"अन् फुलं खाली पडेल होती ते?"

"जळली."

"जळली!" संजीवनीबाईंनी कपाळाला हात लावला. "बनाबाई, एक फुल पायाखाली आलं तर तू मानसाले शिव्या देते. परवाच भाऊले देल्ल्या. अन् सडाचा सडा जाळला म्हनते? खोटं बोलाचं तर जरा पाहून बोलत जाय माय."

परवाच्या शिव्या मला आठवत होत्या. मी मान खाली घातली.

बनाबाईने तोंड फिरवलं. "तुम्हाले काय करायचं हाय? म्या केलं म्हनते ना. म्हातारीले तुरुंगात टाका, दोन टाइम भाकर तरी भेटीन."

"कोनाले वाचवून राह्यली?"

 घरातूनच उत्तर आलं.

"मले."

दारात अर्पिता उभी होती. उंच, सडसडीत पोरगी. वेणीचं टोक जळून तांबूस झालं होतं. कपाळावर एक पट्टा लाल होता.

"आजीले वाटते म्याच लावली," ती म्हणाली. "घरी आली तवा केस जळेल होते, अंगातल्या पिवळ्या टीशर्टाले धुराचा वास. आजीनं काही इचारलंच नाही. सरळ उठली अन् कॉलेजात जाऊन कबूल झाली."

"अन् तू लावली का?"

"बाई, मी त्याच डोंगराची चौकीदारी मागून राह्यली." तिचा आवाज चढला. "आजीले म्या किती वर्षांपासून सांगतलं, मोहाखाली आग लावशीन तर मी तुह्याशी बोलनार नाही. तवापासून ते खराट्यानं झाडते. इचारा वस्तीत."

"मंग सांजच्याले वरते काऊन होती?"

"धावाले. रोजच धावते. वरच्या वळनाहून फिरून पुन्हा खाली, असे फेरे मारते. काल असाच फेरा मारत वर पोचली अन् मागून आवाज आला, कडकड. वाट पेटेल होती. मंग दगडं चढून पलीकडच्या अंगानं उतरली. केस जळले ते तवाच."

बनाबाई नातीकडे पाहत राहिली. मग तिने पदर तोंडाला लावला. "मंग म्या काऊन कबूल झाली व माय?"

"येडी हायेस म्हनून," अर्पिता म्हणाली आणि तिच्याजवळ बसली. चहाचं कुणालाच आठवलं नाही.

संजीवनीबाई ओसरीत येरझाऱ्या घालत होत्या. उन्हं चढत होती.

"दोघी खऱ्या असतीन," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तर डोंगरावर तिसरं मानूस होतं. चाल पोरी. कुठं धावते ते दाखव."

४

मोहापासून वर जाणाऱ्या उतारावर ते वाढदिवस वन. आमच्या कॉलेजात पोरांचा वाढदिवस असा करतात: केक कापायचा नाही, एक रोप लावायचं. रोपाशेजारी बांबूची काठी, काठीला तारेने बांधलेली पत्र्याची पाटी, पाटीवर पोराचं नाव. मास्तरही लावतात. रोपं कमरेएवढ्या गवतात बुडालेली असायची, पण वाटेने जाताना पाट्यांवरची नावं वाचत जायची गंमत होती. अमक्याचा कडुनिंब, तमकीचा बहावा.

आता सगळा उतार काळा. अर्पिता मध्येच थांबली.

"पाट्या कुठी गेल्या?"

आम्ही पाहिलं. बांबू जळून गेले होते, ते समजण्यासारखं होतं. पण पत्रा गवताच्या आगीत जळत नाही. काळा पडतो, वाकतो, रंग जातो, पण राहतो. खड्डे ओळीने दिसत होते आणि पाटी एकाही खड्ड्याजवळ नव्हती.

संजीवनीबाई एका जळक्या रोपाजवळ वाकल्या. नखाने साल खरवडली. आत कोरडं लाकूड, त्यात मातीच्या बारीक नळ्या. वाळवी. दुसरं खरवडलं, तिसरं खरवडलं. तसंच. मग त्यांनी शेजारच्या रानातल्या एका जळक्या अंजनाची फांदी खरवडली. काळ्या सालीखाली हिरवी ओल चमकली.

"जितं झाड आगीतही आतून हिरवं राह्यते," त्या म्हणाल्या. "हे पहिलेच मेले होते. आग लागाच्या लय पहिले."

"मागच्या उन्हाळ्यातच वाळले," अर्पिता म्हणाली. "टँकर आलाच नाही. आम्ही बाटल्यांनी पानी घातलं, पुरलं नाही. सर म्हनाले, पावसात फुटतीन. फुटले नाही."

मला प्राचार्यांच्या खोलीतला फलक आठवला. मी काही बोलणार तेवढ्यात संजीवनीबाईंनी हात वर केला. खालच्या एका खड्ड्यात राखेतून काहीतरी टोकदार वर आलं होतं. त्यांनी ते ओढून काढलं, लुगड्याच्या काठाने घासलं.

एकच पाटी. काळी पडलेली, एका कोपऱ्यात वाकलेली. अक्षरं उठून दिसत होती: प्रा. दीपक.

अर्पिताने श्वास आत ओढला. "सरांचीच काऊन ठेवली?"

माझ्या मनात जे आलं ते मी बोलून टाकलं. जिवंत माणसाचं नाव जाळणं म्हणजे त्याच्यावर मरण चिंतणं. आमच्याकडे लग्नाची पत्रिकासुद्धा कोणी चुलीत घालत नाही. ज्याने बाकीची सगळी नावं वाचवून एकट्या सरांचं नाव आगीत सोडलं, त्याचं सरांशी वैर असलं पाहिजे.

"अन् वैर कोनाचं हाय?" संजीवनीबाईंनी विचारलं.

"गोकुळभाऊचं," अर्पिता नाइलाजाने म्हणाली. "पायवाटेवर बिडी ओढली म्हनून सर त्याले सगळ्या पोरांसमोर बोलले होते. पगारही कापाले लावला."

गोकुळ फाटकाशी बाजेवर पडला होता. संजीवनीबाईंनी पाटी त्याच्यासमोर धरली. तो उठून बसला.

"सरांची? हे अठी कशी राह्यली?"

"तूच सांग."

"म्या काय सांगू? पाट्या तर सर घेऊन गेले."

"कवा?"

"कालच, दुपारून. गोनीत भरून. म्हने, समिती येऊन राह्यली, नवा रंग मारून आनतो. म्याच तर गोनी गाडीले बांधून देल्ली." त्याने आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि त्याचा आवाज खाली आला. "बाई, बिडी म्या सोडली. खिसा पाहा. शिव्या देल्ल्या त्यानं, हाव, राग हाय मले. पन डोंगर पेटवला असता तर इझवाले काऊन गेलो असतो?"

"इझवून दाखवनारेही पाह्यले म्या," संजीवनीबाई म्हणाल्या.

गोकुळ आणि सर, दोघेही खरं बोलत असू शकत होते आणि दोघेही खोटं. सूर्य मोहाच्या पलीकडे झुकू लागला होता.

५

दीपक सर स्टाफरूमच्या व्हरांड्यातच भेटले. कठड्याला धरून डोंगराकडे पाहत होते.

"पाट्या रंगवायला नेल्यात मी," त्यांनी न विचारताच सांगितलं. गोकुळने फोन करून सांगितलं असावं. "घरी आहेत. नशीब म्हणायचं, नाहीतर त्याही खराब झाल्या असत्या."

"अन् तुमची?"

"घाईत राहून गेली असेल."

"तुम्ही अर्पिताले पाह्यलं ते कुठी उभे राहून?"

"इथंच." त्यांनी कठड्यावर हात आपटला. "याच जागी. ती वरच्या वळणावर होती. अंगात पिवळा टीशर्ट. मी कशाला खोटं बोलू बाई? माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी आहे ती. तिचं नाव घेताना माझी जीभ जड झाली."

ते खरं बोलत होते, असं मला वाटलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

संजीवनीबाई बराच वेळ डोंगराकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, तुमच्या खांद्यावरचा दुपट्टा पांढरा हाय. वरच्या वळनावर जा अन् हालवत उभे राहा."

"आत्ता? या उन्हात?"

"सावलीत हालवून मले काय दिसनार हाय?"

मी चढलो. वयाने जेवढं भरभर चढता येतं तेवढं. राख तापली होती, चपलेतून चटके येत होते. वरच्या वळणावर पोहोचून मी वळलो, दुपट्टा काढला आणि कॉलेजाकडे तोंड करून हलवू लागलो.

पण कॉलेज होतं कुठं?

समोर डोंगराचं पोट आलं होतं. पुढे सुटलेला मोठा काळा फुगवटा. व्हरांडा सोडाच, मला छप्परही दिसेना. गवत जळून गेलं होतं, झुडपं जळून गेली होती, आडोसा म्हणून काही उरला नव्हता, तरी दिसेना. रोज याच वाटेने जाऊन हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, कारण रोज मी इथून खाली पाहत नव्हतो, धापा टाकत होतो.

मी दोन पावलं पुढे सरकलो, दोन मागे. दुपट्टा हलवत राहिलो. या वळणावरून खाली एकच चिंचोळी घळ उघडत होती आणि त्या घळीच्या टोकाशी एकच जागा दिसत होती.

थोरला मोह. त्याचा बुंधा, बुंध्याखालची राख.

बराच वेळ तिथं कोणी नव्हतं. मग एक लहानशी आकृती लगबगीने आली, मोहाखाली थांबली आणि तिने हात वर केला. संजीवनीबाई मला तिथून बघत होत्या. माझा हात तसाच हवेत राहिला.

६

पाच वाजायला आले होते. शिपाई पायताण घालून दाराशी तयार होता. प्राचार्यांच्या खोलीत मॅडम, दीपक सर, गोकुळ, आणि भिंतीशी बनाबाई व अर्पिता. कुणी बसायला सांगितलं नव्हतं म्हणून त्या दोघी उभ्या होत्या.

"खुर्च्या हायेत," संजीवनीबाई म्हणाल्या. बनाबाई तरी बसली नाही.

मग त्यांनी फार न वाढवता सांगितलं. फुलांच्या सड्यावर मोहवाली आग लावत नाही, म्हणून हे काम मोहवालीचं नाही. रोपं आगीच्या आधीच मेलेली होती, म्हणून आगीचा फायदा ज्याला मेलेली रोपं लपवायची होती त्यालाच. पाट्या आगीच्या आधी निघाल्या, म्हणून काढणाऱ्याला आग येणार हे माहीत होतं.

"रंगवायला नेल्या होत्या," दीपक सर म्हणाले. "किती वेळा सांगू?"

"रंगवाचं असतं तर पहिले स्वताची नेली असती. मानूस स्वताचं नाव इसरते काय कधी?" संजीवनीबाईंनी ती काळी पाटी टेबलावर ठेवली. "मले वाटलं कोनी वैऱ्यानं सोडली. पन वैर होतं ते तुमचं तुमच्याशीच. लेकरायचं नाव आगीत घालाची तुमची हिंमत झाली नाही. लेकरं जिती हायेत. स्वताचं सोडलं."

सरांनी पाटी पालथी केली.

"हे सगळं तरी म्या बाजूले ठेवलं असतं. पन तुम्हीच सांगतलं, अर्पिताले वरच्या वळनावर पाह्यलं. पिवळा टीशर्ट सांगतला, तो बरोबर हाय. म्हंजे पाह्यलं ते खरं. अन् ते वळन व्हरांड्यातून दिसत नाही. म्या पाह्यलं, मॅडम, तुम्ही आता बाहेर येऊन पाहा. ते दिसते फक्त मोहाखालून."

पंखा गरगरत होता. फलकावरचा हिरवा डोंगर वाऱ्याने हलत होता. दीपक सरांनी चष्मा काढला आणि हातात धरून ठेवला.

"फक्त तो उतार जळायला हवा होता," ते म्हणाले. "संध्याकाळी वारा पडतो, म्हणून तेवढ्यावर थांबेल असं वाटलं. वारा पडलाच नाही." मग जरा वेळाने: "मागच्या उन्हाळ्यापासून मी सगळ्यांना सांगत आलो की झाडं जगली. वर्तमानपत्रात आलं. मॅडम, तुम्ही सभेत टाळ्या वाजवल्या. नंतर कसं सांगायचं? मेलेली झाडं कशी दाखवायची? मुलांची नावं आहेत त्यांच्यावर. मुलांची नावं नाही जाळता येत हो."

"अर्पिताची पाटी हाय ना तुमच्या गोनीत?" संजीवनीबाईंनी विचारलं.

"आहे."

"पाटी वाचवली. अन् पोरगी आगीत ढकलली."

जयमाला मॅडमनी टेबलावरचा लिहिलेला कागद उचलला, घडी घातली आणि खणात टाकला. मग एक कोरा कागद काढून दीपक सरांसमोर ठेवला. पेनही ठेवलं. मग त्यांची नजर भिंतीशी टेकवलेल्या फलकाकडे गेली. त्यावर सही मॅडमचीही होती.

सरांनी पेन उचललं.

"सर," अर्पिता म्हणाली.

 ती भिंतीपासून पुढे आली, टेबलाजवळ थांबली. आवाजात राग नव्हता. वर्गात शंका विचारावी तसं ती विचारत होती.

"तुम्ही मले पाह्यलं ते काडी लावाच्या आधी का नंतर?"

पेन कागदावर टेकलं होतं. टेकलेल्या जागी शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"नंतर," ते म्हणाले.

"तवा खालची वाट मोकळी होती. हाक मारली असती तर मी सरळ खाली निघाली असती." ती थांबली. "वरते जाताना मले वाटलं मी मरते. दगड तापले होते. मी आजीले हाका मारून राह्यली होती. तुम्ही खाली होते. हाक काऊन नाही मारली, सर?"

बनाबाई पुढे येऊन नातीमागे उभी राहिली. गोकुळने दुसरीकडे पाहिलं.

दीपक सरांनी मान वर केली. तोंड उघडलं. लांबवरच्या कुणाला ओरडून सांगायचं असावं तसं ते पूर्ण उघडलं, पण त्यातून आवाज आला नाही.